कानबाईला येशील ना? नोतोच्या सणांवर वाचकांची पत्रं

मागच्या अंकात मी नोतोबद्दल लिहिलं होतं. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर, इशिकावा प्रांतात, समुद्रात हाताचं बोट घातल्यासारखं शिरलेलं ते द्वीपकल्प. तिथल्या नानाओ नावाच्या बंदराच्या गावात २०१३ ते २०१८ अशी पाच वर्षं आमचं बिऱ्हाड होतं, नवऱ्याच्या नोकरीमुळे. माझं माहेर अमळनेर, सासर पारोळा तालुक्यातलं, आणि आता मुक्काम जळगाव. लेखावर पत्रं आली ती बहुतेक आपल्या खान्देशातूनच, आणि जवळजवळ सगळी सणांबद्दल विचारणारी. त्यातली पाच इथे घेते.

प्रश्न : नानाओला मे महिन्यात रथ ओढतात असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. आमच्या घरात दोन पिढ्या रथाच्या चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी पाचर, लावण्याचं काम केलेलं आहे. तिथला रथ वळवतात कसा? मोगरी असते का?
(एक वाचक, पिंप्राळा)

उत्तर : दादा, तुम्हाला खरं वाटणार नाही, पण पहिल्या वर्षी त्या गर्दीत उभी राहून मी हेच शोधत होते की मोगरीवाला कुठे आहे.

त्या उत्सवाचं नाव सेइहाकुसाई. ३ ते ५ मे असे तीन दिवस. गावातल्या तीन पेठांचे तीन रथ निघतात. त्यातली एक पेठ लोहारांची, एक मासळीबाजाराची. रथाला तिकडे म्हणतात ‘देकायामा’, म्हणजे अवाढव्य डोंगर, आणि नाव अगदी बरोबर आहे. उंची सुमारे १२ मीटर, वजन २० टन, लाकडी चाकाचा व्यास २ मीटर. मी चाकाशेजारी उभी राहिले तर माझं डोकं त्याच्या काठापर्यंत पोचत नाही. रथ खाली निमुळता आणि वर पंख्यासारखा पसरत गेलेला. गल्ल्या आपल्या जुन्या गावातल्या असतात तशा अरुंद, त्यामुळे रथाची वरची बाजू घरांच्या वळचणीला घासते की काय असं वाटत राहतं. घरमालक खिडकीत उभे राहून श्वास रोखून बघतात.

मोगरी नाही, पण तिची मोठी बहीण आहे. तिला म्हणतात ‘ओतेको’, म्हणजे मोठी तरफ. लांबलचक, जाड ओंडका असतो तो. चौक आला की दोर ओढणारे थांबतात. ओंडक्याचं टोक रथाच्या पुढच्या भागाखाली सारतात, आणि वर राहिलेल्या दुसऱ्या टोकावर तरणी पोरं चढतात. एकामागून एक, अगदी आंब्याच्या फांदीवर चढावं तशी. त्यांच्या भाराने टोक खाली येतं आणि तिकडे २० टनांच्या रथाची पुढची चाकं जमिनीपासून सुटतात. तेवढ्यात खाली आडवं एक लहान चाक घालतात. मग दोर बाजूला ओढला की अख्खा डोंगर जागच्या जागी फिरतो. पुढे उभे असलेले पुरुष हातात पंखा घेऊन एक लांब सुराचं गाणं म्हणतात, ते संपेपर्यंत दोर ताणून धरायचा आणि संपलं की ओढायचा. दोराला बायाही असतात आणि बाहेरगावचे पाहुणेही. मी तीन वर्षं ओढला. हाताला फोड आले, आणि आपल्याकडे रथाला हात लागला की तो डोक्याला लावतात तसा माझा हात आपोआप डोक्याला गेला. शेजारच्या बाईंनी ते पाहिलं आणि काही न विचारता त्यांनीही तसंच केलं.

तुमच्या घराण्याला सांगण्यासारखं एक राहिलं. ओतेको लावणाऱ्यांचाही तिथे मान असतो. रथ सजवणारे वेगळे, गाणारे वेगळे, पण रथ वळला की लोक टाळ्या वाजवतात त्या तरफेवाल्यांसाठी. जळगावचा श्रीराम रथ १८७२ पासून कार्तिकी एकादशीला निघतो, पण रथाखाली वाकून मोगरी सरकवणाऱ्यांचे फोटो मी फार क्वचित पाहिले. तुम्ही तुमच्या आजोबांच्या आठवणी लिहून पाठवा. मी त्या या सदरात नक्की घेईन.

प्रश्न : आम्ही केळीवाले शेतकरी. तिकडच्या शेतकऱ्यांचा पोळ्यासारखा काही सण आहे का? आमच्याकडे बैल उरले नाहीत. पोळ्याला ट्रॅक्टरला हार घालतो, पण मनाला पटत नाही.
(एक शेतकरी, यावल तालुका)

उत्तर : भाऊ, बैलांचा सण मी तिकडे पाहिला नाही. पण एक गोष्ट पाहिली, आणि ती बघताना मला सारखे आमचे आप्पा आठवत होते.

तिचं नाव आएनोकोतो. वर्षातून दोनदा, ५ डिसेंबरला आणि ९ फेब्रुवारीला, भातशेताचा देव शेतकऱ्याच्या घरी जेवायला येतो. २००९ मध्ये युनेस्कोने हा विधी अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला, पण तो होतो साध्या घरात, घरधन्याच्या हातून. पुजारी लागत नाही. आमच्या शेजारच्या आजींचं माहेर उत्तरेकडच्या एका खेड्यात होतं. त्यांनी मला एका डिसेंबरात सोबत नेलं.

त्यांचे भाऊ सत्तरीचे. जुन्या काळचा दरबारी पोशाख घालून, ते थंडीत शेतावर गेले. तिथे रिकाम्या वाफ्यासमोर वाकून म्हणाले, वर्षभर कष्ट घेतलेत, आता घरी चला. मग घराकडे निघाले ते असे की मागून कुणी म्हातारं माणूस हळूहळू चालत येतंय. कारण हा देव आंधळा आहे असं मानतात. भाताच्या लोंबीचं कुसळ डोळ्यात जाऊन त्याची दृष्टी गेली, असं सांगतात. म्हणून उंबऱ्याशी ते थांबले आणि मागे वळून म्हणाले, इथे पायरी आहे, जपून. मला त्या क्षणी अंगावर काटा आला. मागे कुणीच नव्हतं, आणि तरी घरातली सगळी माणसं बाजूला सरून वाट देत होती.

चुलीपाशी देवाला शेकायला बसवलं. मग न्हाणीघर. भावांनी टबात हात घालून पाणी पाहिलं, बेताचं गरम आहे म्हणाले, आणि दाराबाहेर गुडघे टेकून देवाची अंघोळ होईपर्यंत थांबले. त्यानंतर जेवण. बियाण्याच्या भाताची पोती हीच देवाची बैठक. देव नवराबायको मानतात म्हणून पाट दोन, ताटं दोन. लाल चवळीसारख्या दाण्यांचा भात, डोक्याशेपटीसकट मासे, दोन पाय फुटलेला मुळा आणि तांदळाचं गोड पेय. देवाला दिसत नाही ना, म्हणून घरधनी एकेक पदार्थ सांगतो: हा भात, उजवीकडे हा मासा, हा आपल्याच मळ्यातला मुळा. सगळं सावकाश. तेच अन्न नंतर घरच्यांनी वाटून खाल्लं. मला भात आणि मुळा मिळाला. देव त्यानंतर हिवाळाभर घरातच राहतो. ९ फेब्रुवारीला पुन्हा अंघोळ, पुन्हा जेवण, आणि त्याला शेतात पोचवून यायचं. त्या दिवशी वर्षाचा पहिला कुदळीचा घाव मारतात.

आमचे आप्पा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायचे. खांदमळणी. तळहाताने गोल गोल, जू बसतं तिथे जास्त वेळ. आणि प्रत्येकाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचे, “आज आवतन ल्या, सकाय जेवाले या.” त्या जपानी म्हाताऱ्याचा आवाज अगदी तसाच होता.

तुमचं ट्रॅक्टरचं मन मला कळतं. हार घातला, नारळ फोडला, पाच मिनिटांत मोकळे. नोतोतही भात आता यंत्रानेच लावतात आणि यंत्रानेच कापतात. पण आवतण ते यंत्राला देत नाहीत, वाफ्यावर जाऊन देतात. मला विचाराल तर या श्रावणी अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी केळीच्या बागेत बांधावर जा, मातीला हळद-तूप लावा, आणि तेच शब्द म्हणा. नातवाला बरोबर न्या. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं पहिलं ताट बांधावर ठेवा.

प्रश्न : तिकडे तिथी पाहतात की तारीख? आणि पितरांना घास घालतात का?
(एक आजी, अमळनेर)

उत्तर : आजी, माझ्याच गावच्या तुम्ही! जपानचं जुनं पंचांगही आपल्यासारखं चंद्रावरचं होतं. १८७३ च्या १ जानेवारीपासून त्यांनी ते सोडलं आणि इंग्रजी तारखा घेतल्या. त्यामुळे सणांची फार ओढाताण झाली. सातव्या महिन्यातला पितरांचा सण, ओबोन, बहुतेक ठिकाणी महिनाभर पुढे ढकलून १३ ते १६ ऑगस्टला करतात, पण कानाझावा शहरात पुष्कळ घरं तो जुलैतच करतात. शेजारशेजारच्या गावांत एक महिन्याचा फरक! तिथे घास घालत नाहीत. दिवा लावून पितरांना घरी बोलावतात, त्यांच्यापुढे जेवण ठेवतात आणि शेवटच्या दिवशी दिवा लावूनच निरोप देतात. कानाझावात कबरीपाशी कागदाची छोटी चौकोनी दिव्याची पेटी टांगतात, तिच्यावर टांगणाऱ्याचं नाव लिहितात. कोण कोण येऊन गेलं ते पितरांना आणि भाऊबंदांनाही कळतं.

सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात त्या आठवड्याला हिगान म्हणतात. तेव्हाही कबरी धुतात आणि गोड डाळीत घोळलेले भाताचे लाडू ठेवतात. आपला पितृपक्ष साधारण त्याच सुमाराला येतो. चंद्र मात्र त्यांनी सोडला नाही. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्राकडे तोंड करून तांदळाच्या गोळ्यांची रास आणि गवताचे तुरे ठेवतात, ती पौर्णिमा अजून जुन्या पंचांगानेच धरतात. बहुतेक वर्षी ती आपल्या भुलाबाई बसतात त्या भाद्रपद पौर्णिमेला येते. पण २०२५ मध्ये ती ६ ऑक्टोबरला आली, नेमकी आपल्या कोजागिरीला. मी दूध आटवत होते आणि नानाओच्या आजींचा त्यांच्या गोळ्यांचा फोटो आला.

आखाजीसारखा, म्हणजे अक्षय्य तृतीयेसारखा, पाण्याच्या घागरीचा सण मात्र तिकडे मला दिसला नाही. तिथे वैशाखातही पाणी भरपूर असतं.

प्रश्न : जपानमध्ये मुलांना घाबरवणारा सण आहे म्हणे. खरं का?
(इयत्ता सातवी, शिरपूर)

उत्तर : खरं आहे! आमामेहागी. थंडीत राक्षसाचे मुखवटे घालून माणसं घरोघरी येतात. दिवसभर शेकोटीजवळ आळसात बसून राहिलं की पायाच्या कातडीवर तांबडे चट्टे उठतात, त्यांना ‘आमामे’ म्हणतात. ते खरवडून काढायला आलोय असं ते ओरडतात. लहान मुलं आईच्या मागे लपतात, रडतातही. मग ‘आळस करणार नाही’ असं कबूल केलं की मुखवटेवाले खुशीत निघून जातात. नोतोत एका गावात ३ फेब्रुवारीला हे मुखवटे मुलंच घालतात, तुझ्याएवढी. २०१८ मध्ये जपानच्या अशा दहा ठिकाणच्या पाहुण्या देवांना युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. तुझ्या जवळच सातपुड्यात होळीला मोरपिसांचे टोप घालून, अंगावर नक्षी काढून नाचणारे लोक असतात. यंदा बाबांना सांगून बघून ये आणि मला लिही.

प्रश्न : २०२४ च्या भूकंपानंतर तिथले सण बंद पडले का? विचारायचं कारण असं, की आमच्या भाऊबंदकीत पाच घरं. दोन सुरतला, एक पुण्याला, एक कल्याणला. गावात मी आणि सासूबाई. तीन वर्षं श्रावणातली कानबाई देवी मी एकटीच मांडते, बाकीचे मोबाइलवर दर्शन घेतात. प्रसादाचे रोट उरतात. बंद करावं का?
(एक भगिनी, चोपडा तालुका)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि सासूबाईंनाही वाचून दाखवलं.

आधी तिकडचं सांगते. नोतोचा खरा सण म्हणजे किरिको. किरिको म्हणजे माणसांनी खांद्यावर घ्यायचा उभा, उंच कंदील. लाकडाची चौकट, तिला लाखेचं काम, चारी बाजूंनी कागद, कागदावर एका बाजूला भलीमोठी अक्षरं, दुसरीकडे चित्र, आत दिवे. देवाची पालखी रात्री निघते तेव्हा तिला वाट दाखवायला हे कंदील पुढे चालतात. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत किनाऱ्यावरच्या जवळपास दोनशे गावांत एकामागून एक हे सण होतात. नानाओजवळ इशिझाकी नावाची कोळ्यांची वस्ती आहे. तिथले किरिको १२ मीटरच्या वर उंच, दोन टन वजनाचे. एकेकाला शंभरावर माणसं खांदा देतात. सुझू गावात तर ते कंदील घेऊन पेटत्या मशालीकडे समुद्रात शिरतात. उशित्सुला जुलैच्या पहिल्या शुक्रवार-शनिवारी पालख्याच समुद्रात टाकतात, नदीत टाकतात, आगीत टाकतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी साथ आली होती, तेव्हा क्योतोहून देव आणून बसवला, त्याला असा दंगा आवडतो अशी श्रद्धा. मी ते पाहायला गेले तेव्हा ठिणग्या केसांवर पडत होत्या आणि कुणी मागे सरकत नव्हतं.

या सणांत घरोघरी ‘योबारे’ असतं. योबारे म्हणजे बोलावणं. लाखेच्या तांबड्या-काळ्या ताटांत जेवण मांडतात आणि दार उघडं ठेवतात. नातेवाईक, मुलाच्या कारखान्यातले सोबती, त्यांचे मित्र, जो येईल तो बसतो. नानाओच्या शेजारच्या आजींनी माझ्यासाठी मुद्दाम काबोचाची भाजी केली होती. काबोचा म्हणजे आपलं गंगाफळ, आणि मी ताटावर बसून रडले, कारण त्या आठवड्यात घरी कानबाई होती आणि आई फोनवर नुसतं एवढंच म्हणाली होती, “माय, कव्हय येशी वं?” नोतोची माणसं म्हणतात की नवीन वर्षाला आलो नाही, ओबोनला आलो नाही, तरी सणाला येणार. ओसाका-टोकियोत नोकरीला गेलेली पोरं बाकी सुट्ट्या सोडतात, पण किरिकोची सोडत नाहीत.

तरीही माणसं कमी पडू लागली होती, भूकंपाच्या कितीतरी आधीपासून. तरुण गेले, म्हातारे उरले. मग काही गावांनी कंदिलाला चाकं लावली. काहींनी चार कंदिलांऐवजी एकच काढला. काहींनी कानाझावाच्या कॉलेजमधल्या मुलांना बोलावलं आणि खांदा द्यायला शिकवलं. चाकं लावली तेव्हा म्हाताऱ्यांना वाईट वाटलं, पण कंदील निघाला.

२०२४ च्या १ जानेवारीला, संध्याकाळी चार वाजून दहा मिनिटांनी, ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. नवीन वर्षाचा दिवस, मुलं घरी आलेली, आणि घरं त्यांच्या अंगावर पडली. वाजिमा गावाचा जुना बाजार जळून गेला. किनारा काही ठिकाणी चार मीटरपर्यंत वर उचलला गेला, बंदरात बोटी चिखलावर बसल्या. समुद्राकडे उतरणाऱ्या शिरोयोनेच्या १००४ भातखाचरांत भेगा पडल्या. त्या वर्षी त्यातली १२० च्या आसपासच लावता आली. नानाओचे रथ त्या मे महिन्यात निघाले नाहीत. आजींचं घर उभं राहिलं, पण छत गेलं. आणि तरी जुलैच्या पहिल्या शुक्रवारी उशित्सुचे किरिको निघाले. आजींच्या भाच्याने पाठवलेला व्हिडिओ माझ्याकडे आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पडलेल्या घरांचे ढीग, ताडपत्र्या, आणि मधून कंदील चाललेला. त्याच्या खाली खांदा दिलेल्यांत दोन जण असे होते की ज्यांची घरंच राहिली नव्हती, ते तात्पुरत्या वस्तीतून आले होते. नानाओचे रथही २०२५ मध्ये पुन्हा निघाले.

आता तुमचं. बंद करू नका. पण एकटीने सगळं करणंही बंद करा. तुम्ही आता जे करताय त्यात सुरतच्या दिरांना काही कामच नाही, नुसतं बघायचंय. बघायचं असेल तर मोबाइल पुरतो. नोतोत लहान पोराच्या हातातही बासरी असते, आणि तो आला नाही तर ती बासरी वाजत नाही, हे सगळ्या गावाला ऐकू येतं. म्हणून कामं वाटा. कानबाईची नथ आणि साडी पुण्याच्या जावेने आणायची. कल्याणवाल्यांनी चौरंगाची आरास करायची. सोमवारी विसर्जनाला कानबाई डोक्यावर कुणी घ्यायची, ते आताच ठरवा आणि तिला सांगा. दरवर्षी नाव बदला. नागपंचमीनंतरचा रविवार कॅलेंडरवर आत्ताच दिसतो, तिकिटं आत्ता निघतात.

रोट उरतात म्हणता. भाऊबंदांखेरीज रोट कुणाला देत नाहीत हे मलाही माहीत आहे आणि तो नेम मोडा असं मी सांगणार नाही. माप लहान करा. आणि रविवारी रात्रीच्या जागरणाला गल्लीतल्या बाया बोलवा, ज्यांच्या घरी कुणी येणार नाही अशा. त्यांना रोट नाही, तर गंगाफळाची भाजी आणि खीर वेगळी करून वाढा. गाणी म्हणायला मोठा आवाज लागतो आणि दोघींचा पुरत नाही. माझ्या सासूबाई म्हणतात की गाणी येत नसतील तर त्या फोनवर सांगतील, एकेक ओळ.

आणि एक करा. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची सव्वा मूठ गहू काढतो ना आपण, त्यात सुरतच्या दोघांच्या, पुण्याच्या आणि कल्याणच्या मुठी आधी काढा, मग गावातल्या. पोरांची नावं घेऊन काढा, आणि त्यांना फोन करून सांगा की तुमच्या नावचे गहू चक्कीवर टाकलेत, शनिवारपर्यंत दळून होतील.